खऱ्यासारखा पाय

थोरलीचे केक चवीला बेताचेच असायचे. ते तीही मान्य करायची. पण हुबेहूब दिसण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं ओळखीत कुणी नव्हतं. नणंदेच्या वाढदिवसाला तिने प्रेशर कुकर केला होता. सासूबाईंनी तो कान धरून ओट्यावर ठेवायला उचलला, बोटं क्रीममध्ये रुतली आणि त्या दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. थोरलीला मात्र तो रुसवा बक्षिसासारखा वाटला.

थोरली हे तिचं नाव नव्हे. मोठी सून म्हणून थोरली. धाकटी अजून यायची होती, तरी हिचं नाव पडून गेलं ते गेलंच. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. केसभर फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. केक हा तिचा सुट्टीचा नाद होता. त्याचे पैसे ती घेत नसे. कुणी म्हटलं, 'अगं, अगदी खऱ्यासारखा झालाय,' की तिचे पैसे फिटले.

तिचा दीर इस्पितळात डॉक्टर होता. तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा आणि रविवारी जेवायला घरी यायचा. अशाच एका रविवारी त्याने मीठ मागावं तशा आवाजात विचारलं, "वहिनी, एक पाय करून द्याल का?"

"कुणाचा?"

"कुणाचाही चालेल. सडलेला हवा."

सासूबाईंनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

दिराने मग नीट सांगितलं. त्याच्या विभागाचे मोठे सर शनिवारी निवृत्त होणार होते. चौतीस वर्षं त्यांनी मधुमेहाच्या रोग्यांचे पाय पाहिले. जे वाचवता आले ते वाचवले आणि उरलेले कापले. वॉर्डातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं की सरांनी शेवटचा पाय केकचा कापावा. काळी पडलेली बोटं, टाचेला जखम, सगळं जसंच्या तसं.

"शी," थोरली म्हणाली. "हे खाणार कोण?"

"आम्ही. आम्हाला काही होत नाही." दीर हसला. "दोन बेकरीवाल्यांनी कानावर हात ठेवले, वहिनी. मी म्हटलं, आमच्या घरी एक माणूस आहे. तिला जमलं तर जमलं, नाहीतर ते कुणालाच जमणार नाही."

हे शेवटचं वाक्य दिराने मुद्दाम ठेवून दिलं होतं. थोरलीला ते कळलंही. तरी ती म्हणाली, "फोटो पाठवा, बघते."

सोमवारी दुकानात असताना फोनवर चार फोटो आले. निळ्या कापडावर ठेवलेला एक उजवा पाय, वरून, बाजूने, तळव्याकडून आणि टाचेच्या अगदी जवळून. नाव नव्हतं, चेहरा नव्हता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कोळशासारखं काळं, सुरकुतलेलं. काळं जिथे संपत होतं तिथे जांभळी, मग पिवळसर, मग ओली लाल कडा. टाचेला पेल्याच्या तोंडाएवढं भोक आणि त्यात आत काहीतरी पांढुरकं चमकत होतं. थोरलीने फोन उपडा ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू आवळला आणि दहा मिनिटांनी फोन पुन्हा सरळ केला. ती जांभळी कडा कशाने जमेल, एवढंच या वेळी तिच्या डोक्यात होतं.

गुरुवार ते शनिवार तिने रजा काढली. गुरुवारी चॉकलेटचे पाच स्पंज भाजले, एकावर एक रचले, मधे क्रीम भरलं आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ दिले. शुक्रवारी सकाळी करवतीसारख्या सुरीने ती कोरायला बसली. घोटा, पोटरीचा खालचा भाग, टाच, तळव्याची कमान. बोटं तिने बिस्किटांचा चुरा आणि क्रीम मळून वेगळी वळली. वर फाँडंट चढवलं. फाँडंट म्हणजे साखरेची कणीकच. लाटायची, पसरायची आणि कातडीसारखी ताणून बसवायची. एरवी या कामात तिला सुख वाटायचं. आज ताणलेल्या फाँडंटखाली घोट्याचं हाड उठून दिसलं आणि तिने हात झटकले, कोमट काहीतरी हाताला लागल्यासारखे.

जखमेचा ओलेपणा काही केल्या जमेना. जॅम लावला तर तो फार आनंदी लाल दिसला. शेवटी जिलेटिनमध्ये जॅमचा पाक आणि काळ्या कॉफीचे चार थेंब घातले, तेव्हा ते शिळं रक्त झालं. काळ्या बोटांवर तिने प्लॅस्टिकचा कागद चुरगाळून दाबला आणि सुरकुत्या पाडल्या. नखांना बदामाचे काप चहात भिजवून लावले. पू म्हणून पातळ कस्टर्डमध्ये हिरव्या रंगाचा थेंबाचाही पाव भाग टाकला आणि ब्रशने जखमेच्या काठावर सोडला. तो ओघळ सावकाश टाचेकडे सरकला आणि बरोबर तिथेच थांबला, जिथे तो फोटोत थांबला होता.

"वा," थोरलीच्या तोंडून निघालं.

निघालं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. स्वयंपाकघरभर व्हॅनिलाचा गोड वास कोंदला होता. त्या वासाच्या मागे दुसरा वास येतोय असं तिला सारखं वाटत होतं. नव्हता, तरी येत होता. तिने खिडक्या उघडल्या. दुपारी तिला जेवण गेलं नाही.

घरच्यांचीही तीच गत होती. नवरा पाणी घ्यायला फ्रीजशी गेला, दार उघडलं, तसंच लावलं आणि त्यानंतर नळाचं पाणी पीत राहिला. सासूबाईंनी कपाटातून एक धुतलेला टॉवेल आणून दिला. "निदान अंगावर पांघरूण घाल त्याच्या," त्या म्हणाल्या. "उघडाबोडका पाय घरात बघवत नाही."

चारच्या सुमाराला घोट्याचं बारीक काम राहिलं होतं. थोरलीने बाजूने काढलेला फोटो बोटांनी मोठा केला. हाडाच्या वर दोन बोटांवर एक फिकट डाग होता. आधी तिला तो सावलीचा वाटला होता. आता तो तीन कोनांचा दिसला. एक कोन लांब, टोकदार. इस्त्रीचं टोक टेकावं तसा.

तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ती बोटांकडे वळली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं, दोन मुलांनी बाकावर जागेसाठी भांडावं तसं. फोटोत होतं आणि तिने वळलंही तसंच होतं. वळताना हात जराही अडखळला नव्हता. हे बोट तिच्या चांगलं ओळखीचं होतं. वीस वर्षं ती ते बघत आली होती.

समोरच्या इमारतीत तळमजल्याला शिंप्याचं दुकान होतं. शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. थोरली त्यांच्याकडे ब्लाउज उसवायला, पडद्यांना दुमड घालायला जायची आणि काम होईपर्यंत खालच्या स्टुलावर बसायची. तिथून मास्तरांचा चेहरा मशीनआड जायचा. दिसायचं ते मशीनचं पायडल आणि त्यावर अनवाणी उजवा पाय, वरखाली, वरखाली. "हे काय झालं होतं, मास्तर?" असं तिने एकदा विचारलं होतं. "शिकाऊ होतो तेव्हा इस्त्री पडली," ते म्हणाले होते. "उस्तादांनी आधी इस्त्री उचलून पाहिली, मोडली का म्हणून."

तीन महिन्यांपूर्वी तोच पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. दिराच्याच इस्पितळात. कुठे जाऊ, असं मास्तरांच्या बायकोने विचारलं तेव्हा थोरलीनेच सांगितलं होतं, "आमचे भाऊजी आहेत तिथे. डोळे मिटून जा."

तिने केकवर टॉवेल टाकला, हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले आणि एक पडदा काखोटीला मारून समोर गेली.

मास्तर मशीनवर होते. मशीनला आता मोटर बसवली होती. कापलेला पाय त्यांनी बाजूच्या खुर्चीवर उशीवर ठेवला होता, पँटचा रिकामा पाय दुमडून पिनेने टाचलेला. थोरलीची नजर तिथे गेली आणि तिला मघाचं सगळं एकदम आठवलं, कॉफी, जिलेटिन, कस्टर्ड. तिने तोंड फिरवलं. मास्तरांना वाटलं ती त्यांच्या पायाला बिचकली. त्यांनी मापाची टेप आवरल्यासारखं करून शर्टाचं कापड त्यावर ओढलं. थोरली शरमेने अर्धी झाली.

"दुमड घालायची का?" मास्तरांनी विचारलं.

"हो. घाई नाही." ती स्टुलावर बसली. जरा वेळाने म्हणाली, "मास्तर, इस्पितळात तुमचे कुणी फोटो काढले होते का?"

"पायाचे? हो, काढले ना. तुमच्या भाऊजींनीच. विचारून काढले हो. म्हणाले, शिकवायला लागतात, नव्या पोरांना दाखवतो. मी म्हटलं, काढा. माझ्या काय कामाचा आता तो. कुणी शिकलं तर दुसऱ्याचा वाचेल." त्यांनी पडदा मशीनखाली सरकवला. "का हो?"

"काही नाही. सहज."

"आज केक चाललाय वाटतं. वास येतोय इकडे. काय करताय या वेळी?"

"आहे एक," थोरली म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिने दिराला फोन लावला.

"भाऊजी, हा पाय मास्तरांचा आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"वहिनी, त्यावर नाव आहे का? चेहरा आहे का? चांगले फोटो होते, उजेड चांगला होता, म्हणून ते पाठवले. एवढंच."

"ते म्हणाले, तुम्ही शिकवायला म्हणून काढले."

"शिकवतोच ना आम्ही. वहिनी, ऐका. आम्ही रोज उठून हेच बघतो. त्याच्यावर हसलो नाही तर वेड लागेल आम्हाला. ते तुम्हाला नाही कळायचं. मास्तरांना तरी कुठून कळणार आहे? उद्या चार वाजता पन्नास माणसं जमतील आणि त्यांच्यासमोर मी काय मोकळे हात हलवत उभा राहू?"

हसलो नाही तर वेड लागेल, हे खरं असावं असं थोरलीला वाटलं, आणि म्हणूनच वाद न घालता तिने फोन ठेवला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "देऊन टाक. घरातून जाऊ दे एकदाचा." सासूबाईंनी फक्त केकवरचा टॉवेल नीट ओढून घेतला.

शेवटी थोरलीने पळवाट काढली. शनिवारी सकाळी तिने तो तीन कोनांचा डाग फाँडंटचा हात फिरवून बुजवला. चढून बसलेलं बोट उतरवून सरळ केलं. टाच थोडी रुंद केली. आता हा कुणाचाच पाय नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. एका माणसाचा पाय दोनदा कापला जाऊ नये, एवढं तरी झालं.

इस्पितळाच्या सभागृहात फुगे लावले होते. नर्स, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर, सगळे खुर्च्या सरकवून टेबलाभोवती गोळा झाले. दिराने खोका उघडला आणि एका दमात पन्नास माणसं "ई" म्हणाली. मग टाळ्या झाल्या. थोरलीला असल्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. आज त्या अंगावर थुंकी उडाल्यासारख्या वाटल्या.

मग दिव्यांचं एक बटण बंद झालं आणि मागच्या पडद्यावर फोटो आला. तोच, निळ्या कापडावरचा, दारापेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं : 'ओळखा पाहू, खरा कोणता?'

हशा झाला. एक शिकाऊ डॉक्टर पुढे येऊन केक आणि पडदा आळीपाळीने बघायला लागला. "वहिनी, एक मार्क कापला," तो म्हणाला. "घोट्यावरचा डाग राहिला. बोटही सरळ केलंत."

"डाग ना? थांब," दीर म्हणाला. कॉफीच्या टेबलावर चॉकलेट सॉसची बाटली होती. त्याने ती उचलली, पडद्याकडे बघत बघत घोट्यावर तीन कोन काढले आणि आत सॉस भरला. "घ्या. आता पैकीच्या पैकी."

मोठे सर जाड भिंगांचे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांच्या हातात रिबन बांधलेली सुरी दिली. ते पडद्याकडे बघत क्षणभर थांबले. त्यांना तो पाय आठवला की नाही, हे थोरलीला कधीच कळलं नाही. त्यांनी सवयीच्या हाताने घोट्याच्या वर एक सरळ काप दिला, मग अंगठा सोडवला आणि बशीत घेतला. मोबाइल वर झाले. "सर, मला करंगळी," कुणी म्हणालं. "पू मला, पू मला," म्हणत एका नर्सने टाचेतलं कस्टर्ड बोटावर घेतलं आणि चाटलं. सर अंगठा चावत म्हणाले, "छान. जरा गोड आहे."

थोरलीने पुढे होऊन केकचा पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. लोकांना वाटलं ती तुकडे करायला नेतेय, म्हणून त्यांनी वाट दिली. ती दाराबाहेर गेली. कॉरिडॉरमध्ये ड्रेसिंगच्या खोलीबाहेर रंगीत पिशव्या लावलेले डबे ओळीने होते. पिवळ्या पिशवीच्या डब्यावर लिहिलं होतं की शरीराचे कापलेले भाग यात टाकावेत. तिने पायाने झाकण उघडलं आणि पुठ्ठा तिरका केला. स्पंज, क्रीम, जिलेटिन, सगळं एका अंगाने घसरलं आणि आत पडताना ओला, जड आवाज झाला. तो आवाज ऐकून तिला भिंतीला धरून ओकारी आली. पोटात काही नव्हतं, तरी आली.

दीर मागे धावत आला होता. "वहिनी, पन्नास माणसांचं खाणं होतं ते."

"तुम्हाला पाय हवा होता ना?" तिने तोंड पुसलं. "पाय जिथे टाकतात तिथे टाकला."

घरापर्यंत ती चालत गेली.

सोमवारी ती मास्तरांकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. केक, फोटो, पडदा, सॉसने काढलेला डाग. ओळखल्यावरही आपण तो नेऊन दिला, हेही. मास्तरांनी मशीन बंद केलं नव्हतं. मोटर गुणगुणत राहिली.

"सांगायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले.

"मला राहवलं नाही, मास्तर."

"हो. तुम्हाला आता हलकं वाटेल. मला काय वाटेल?" आवाज चढला नव्हता. "तो पाय गेला तेव्हा मी रडलो नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढं होतं मनात. आता डोळे मिटले की पोरं तो बशीत घेऊन खाताना दिसतील. जा तुम्ही. थोडे दिवस येऊ नका."

पडदा त्यांच्या बायकोने दारातून दिला. दुमड बारीक, एकसारखी होती.

तीन आठवडे थोरली त्या बाजूच्या फुटपाथने गेली नाही. केकचं साहित्य तिने वरच्या फळीवर टाकलं. व्हॅनिलाची बाटली तर तिने झाकण न उघडता कचऱ्यात फेकली. नंतर एका संध्याकाळी मास्तरांची बायको जिना चढून आली. हातात दोन कोरे कागद होते.

"त्यांना अर्ज करायचाय इस्पितळाला," ती म्हणाली. "फोटो पुसून टाका म्हणून. आणि ज्यांनी दाखवले त्यांना जाब विचारा म्हणून. तुमचं अक्षर चांगलं आहे, आणि काय घडलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ते म्हणाले, तिलाच लिहायला सांग."

सासूबाई आतून ऐकत होत्या. अर्जात धाकट्या मुलाचं नाव येणार, हे त्यांना कळलं होतं. त्या बाहेर आल्या, सुनेकडे बघितलं, मग पाहुणीकडे, आणि म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

थोरलीने टेबलावरची भांडी सरकवून कागद सरळ केला. सुरुवातीलाच तिने लिहिलं की तो केक मी केला, फोटोवरून केला आणि पाय कुणाचा हे कळल्यावरही नेऊन दिला. हे वाक्य तिला तीनदा खोडून लिहावं लागलं, म्हणून दुसरा कागद घेतला. दिराचं नाव त्याच्या खालच्या ओळीत आलं.

दोन महिन्यांनी इस्पितळाचं पत्र आलं. फोटो नष्ट केल्याचं, संबंधितांना लेखी समज दिल्याचं आणि दिलगिरीचं. दीर त्यानंतर रविवारी येईनासा झाला. सासूबाईच डबा घेऊन त्याच्याकडे जातात, आणि परत आल्या की काय बोलणं झालं ते सांगत नाहीत.

मास्तरांनी ते पत्र घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं. थोरली आता पुन्हा त्यांच्याकडे कपडे नेते. मास्तर माप घेतात, तारीख सांगतात. त्यांनी तिला बसा म्हटलेलं नाही, आणि तीही स्टुलाकडे वळत नाही. काउंटरशी उभी राहूनच ती पावती घेते.